मंगळवारपासून थांबलेला राक्षस

चिमणे,

टीव्ही बंद करू नकोस, माझा खेळ अर्धवट आहे. खेळातल्या म्हातारीसाठी औषधाची मुळी मिळाली, पण वाटेत राक्षस आहे. तू शिकवलंस तसं वैदूला मागे ठेवलंय, तलवारवालीला पुढे. आपण 'टर्न संपवा' दाबत नाही तोवर राक्षस जागचा हलत नाही, असं तूच म्हणालीस ना? मंगळवारपासून मी दाबलेलंच नाही. हसू नकोस.

काखेत गाठ लागली होती, तुला बोलले नाही. तपासणीच्या रिपोर्टचं पाकीट मंगळवारीच आलं. शिलाई मशीनच्या खणात ठेवलं, उघडलं नाही. वाटलं, मी उघडलं नाही तर ती गाठही जागची हलणार नाही. एवढी शहाणी तुझी आत्या!

आज आंघोळ करताना हाताला मोठी लागली गं. तिने माझ्या टर्नची वाट बघितलीच नाही.

पाकीट घेऊन दवाखान्यात चाललेय. ते तूच फोड. कामावरून आलीस की तडक तिकडे ये. कोट शिवायला टाकलेली बाई आली तर सांग, बटणं राहिलीत.

आणि निघण्याआधी राक्षसाचं तेवढं दाबून ये. माझ्याच्याने होत नाही.

आत्या