सत्यवतीसाठी हार्मोन

नागाव, रविवार

ती. ठमाआक्कांना रत्नपालचा मनापासून जय भीम. गुडघा कसा आहे? माणगावच्या डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय, तर खरंच चढू नका (तुम्ही ऐकणार नाही, पण सांगायचं माझं काम).

तुमची धाकटी बहीण, माझी सत्यवती, खाऊनपिऊन ठणठणीत आहे. विसरणं मात्र वाढलंय. परवा मलाच विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?" मी म्हटलं, "इथलाच."

त्यात मी मोबाईलवर वाचलं, की पाळी गेल्यावर बायकांच्या अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन उतरतं आणि त्याचा या अल्झायमरशी संबंध असू शकतो. वाटलं, सापडलं! गाडीत ऑईल कमी झालं तर ओतायचं (जन्मभर एसटी चालवली, दुसरं काय सुचणार?). तडक अलिबागला औषधाच्या दुकानात गेलो आणि भर गर्दीत म्हटलं, "बायकांचं हार्मोन द्या." दुकानदाराने मला टकलापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "काका, तुम्हालाच पाहिजे का?" मागे आपली मासळीवाली कोकिळा उभी! आता सगळ्या नागावात मी आजारी आहे आणि आजार कुठला ते कोणी तोंडाने बोलत नाही. कोळंबी मात्र फुकट येते.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, ते हार्मोन मेंदूच्या पेशींना सांभाळतं असं दिसतं. बायकांना हा आजार जास्त होतो, त्याचं ते एक कारण असेलही. अभ्यास अजून चाललाय. पण आता या वयात बाहेरून देऊन आजार बरा होणार नाही, उलट अपाय व्हायचा." पुरुषांचंही हार्मोन वयाबरोबर उतरतं, असंही म्हणाल्या. मी विषय बदलला.

रिकाम्या हाताने घरी आलो. सत्यवती ओटीवर बसली होती. तिला बघून माझे डोळेच भरले. तिने पदराने माझं तोंड पुसलं, म्हणाली, "रडू नका. जेवून जा."

जेवलो, आक्का. गेलो मात्र नाही.

तुमचा,
रत्नपाल

ता.क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. काल तिने माझा हात धरून विचारलं, "तुमचं लग्न झालंय?" मी हो म्हटलं तर तिचं तोंड एवढंसं झालं, म्हणून घाईने नाही म्हटलं. तेव्हा लाजून म्हणाली, "मग माझ्या आक्काला विचारा." म्हणून विचारतो. या, आणि तिच्यासमोर होकार द्या.

आणखी एक. मागल्या खेपेला, मुलगा फार बोलतो म्हणून तुम्ही वर्षभर अडवून धरलं होतंत. या खेपेला तेवढा वेळ नाही.