चौथ्या धड्यातली हाक

आप्पा, आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत आणि मी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आत एकटाच बसलोय. आई वडगावात घरीच आहे, गुडघे सोडले तर बरी आहे. आपल्या घरातले दोन्ही माग गेल्या वर्षी भंगारात दिले. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतंत आणि नंतरचं काही ऐकलं नसतंत. मी शहापुरात एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करतो, मराठी आणि कन्नड दोन्ही. नववीत शाळा सुटली, पण अक्षरं सुटली नाहीत. वकिलांचे अर्ज, मास्तरांचे दाखले, लग्नपत्रिका, सगळं लोक माझ्याकडून वाचून घेतात. एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला की मी तिथंच पेन काढतो, ते काही गेलं नाही. तुम्ही हसायचात त्याला. खडे बाजारातून जुना शब्दकोश आणून दिलात तेव्हा म्हणाला होतात, "घे, आता ह्याच्यातल्या चुका काढ." मी खरंच काढल्या होत्या, दोन.

ह्या शुद्धलेखनामुळेच ते काम माझ्याकडे आलं. कामगारांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम करणारी एक संस्था आहे. निपाणी रस्त्याला कापडाचा मोठा कारखाना उभा राहिलाय, तिथं नोकरी हवी असेल तर आधी मोबाइलवर हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. यंत्राजवळ कसं वागायचं, आग लागली तर काय करायचं, असे बारा धडे आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न. पास झालं की प्रमाणपत्र, आणि ते दाखवल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. त्याची मराठी आवृत्ती इथल्याच माणसाकडून तपासून घ्यायची होती. संस्थेच्या मॅडम दुकानात आल्या, माझ्यासमोर एक छापील तक्ता ठेवला. एका बाजूला दर्जा, दुसऱ्या बाजूला सुलभता. भाषा कळते का, माहिती बरोबर आहे का, साध्या मोबाइलवर चालतं का, नेट कमी असलं तर अडतं का, अक्षरं उन्हात दिसतात का. ज्याला दिसायला किंवा ऐकायला कमी येतं, त्याला ते जमतं का. मला तो तक्ता फार आवडला, आप्पा. इतक्या बारकाईनं कुणीतरी विचारतंय हेच मला नवीन होतं.

महिनाभर मी ते काम केलं. तुटलेली जोडाक्षरं जोडून घेतली. पांढऱ्यावर करड्या रंगाची अक्षरं होती, ती काळी करायला लावली. व्हिडिओ गच्चीवर चालायचा आणि खालच्या खोलीत अडायचा, तेही लिहिलं. मॅडमनी एकेक गोष्ट मान्य केली. मग चौथा धडा आला. त्यात दोन गोष्टी सांगितल्यात. विजेच्या बोर्डाजवळ कुठलंही कापड टांगू नये, आग लागू शकते. आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी मोठ्याने हाक द्यावी. धड्यात एक बाई गोड आवाजात ते बोलते, मागे घंटी वाजते, पण ती काय बोलते ते खाली अक्षरांत येत नाही. मी तो धडा पुन्हा पुन्हा बघितला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. मी अकरा वर्षांचा असेन. शाळेतून आलो, हातपाय धुतले आणि ओले हात पुसायला भिंतीवर टांगलेला टॉवेल ओढला. तो मोटारीच्या बटणावर होता. तुम्ही मागाखाली शिरून पट्टा जोडत होतात, फक्त पाय दिसत होते. तेवढ्यात काका, तुमचे जोडीदार, दुसऱ्या मागावरून पळत आले आणि बटणाकडे पाठ करून दोन्ही हात पसरून उभे राहिले.  तुम्ही बाहेर येईपर्यंत ते तसेच उभे होते. मग तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही मारलं नाहीत. माझा हात धरून बंद मागाच्या, धागा ठोकणाऱ्या फणीत घातलात, बोटं आत, आणि म्हणालात, "आता कोन बटन दाबंल, तुला ठावं हाय काय?" मी नाही म्हणालो. "मग कसं वाटालंय?"  बराच वेळ तुम्ही माझा हात तिथंच धरून ठेवलात. स्वयंपाकघराच्या फळीवरची भांडी, जी माग चालू असताना दिवसभर थरथरायची, ती त्या वेळी गप्प होती आणि आई दारात येऊन उभी होती. मग तुम्ही म्हणालात, "त्यो टॉवेल न्हवं रं. त्यो मी हाय. मला काढलास तू तितनं."

आपल्याकडच्या मागाच्या प्रत्येक शेडमध्ये हेच होतं. जो मागात शिरेल त्यानं आपलं डोक्याचं फडकं बटणावर टाकायचं, आणि ज्याचं त्यानंच काढायचं. हाक मारायची पद्धतच नव्हती, कारण ऐकणार कोण? चाळिशी गाठेपर्यंत निम्म्या माणसांचे कान गेलेले. म्हणून तर सगळे हातानं बोलायचे. गालावरून अंगठा ओढला की धागा तुटला, मूठ उघडली की सुताची कांडी संपली, कपाळाला दोन बोटं लावली की शेठ आला. बोलायला शिकायच्या आधीच मी ती भाषा शिकलो असेन.

मी मॅडमना फोन करून चौथ्या धड्याचं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "तुमचं म्हणणं कळतंय, पण बोर्डाजवळ कापड नकोच, ते बरोबर आहे की नाही?" बरोबरच आहे, मी म्हणालो. "मग आपण चाचणीच घेऊ. ज्यांना ऐकायला कमी येतं असं एखादं माणूस बसवा. त्यांना जमलं नाही तर मी तो धडा परत करून घेते. तुमच्या अहवालावर थांबवते सगळं." असं त्यांनी स्वतःहून सांगितलं, हे मुद्दाम लिहितोय. त्यांच्यावर ढकलता येईल असं ह्यात काही नाही.

मी काकांना बसवलं. आता ते साठीला टेकलेत. उजवा कान पूर्ण गेलाय, डावा नावापुरता. माग बंद पडल्यापासून एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडायचे. कारखान्यात उभ्या धाग्यांचा ताणा भरायच्या मशीनवर जुनी माणसं हवी होती, म्हणून प्रमाणपत्र त्यांनाही हवंच होतं. ह्याच दुकानात, ह्याच बाकावर ते मोबाइल घेऊन बसले, मॅडम त्यांच्या शेजारी, मी समोर. पहिले तीन धडे चित्रांवरून निभावले. चौथा सुरू झाला आणि काका मोबाइलवरून नजर उचलून माझ्याकडे बघायला लागले. ती नजर तुम्हाला माहीत आहे. मागाच्या खडखडाटात समोरच्याकडे बघतात तशी. ती बाई बोलत होती आणि माझा हात गुडघ्यावर हलत होता. पहिला प्रश्न, तीन बोटं, म्हणजे तिसरा पर्याय. दुसरा प्रश्न, एक बोट. यंत्र सुरू करण्यापूर्वी काय कराल, ह्याला काका पहिल्यांदा फडक्याच्या पर्यायावर बोट नेत होते. मी मान हलवली आणि दोन बोटं दाखवली. मोठ्याने हाक देईन. बरोबर. हिरवी खूण आली.

माझ्या हलणाऱ्या हाताकडे बघून मॅडम म्हणाल्या, "डास फार आहेत का हो इथं?"

मी मदत करतोय असं तेव्हा मला वाटलंच नाही, हे खरं आहे. समोरच्यानं बघितलं की हात हलतोच. काका पास झाले. मॅडमनी मोबाइलवर प्रमाणपत्र उघडून दाखवलं, त्यावर काकांचा फोटो. काका मोठ्यानं, जसे ते नेहमी बोलतात तसे, रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघावं इतक्या मोठ्यानं म्हणाले, "शाळंत कदी पास झालो न्हाय, मॅडम. म्हातारपणी झालो बघा." मॅडमना हसू आलं, डोळेही भरून आले त्यांचे. संध्याकाळी मी अहवाल भरायला बसलो. एक प्रश्न होता: ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीला हा धडा कुणाच्याही मदतीशिवाय पूर्ण करता आला का? तेव्हा मला माझा हात आठवला. मी पेन खाली ठेवलं, चहा प्यायलो, परत आलो. मग "होय" लिहिलं. काकांचा तो फोटो डोळ्यासमोर होता. आणि, आप्पा, त्या दिवशी तुमच्या आणि बटणाच्या मध्ये उभा राहिलेला माणूस माझ्या हातून नापास होणार, हे मला लिहवेना.

अहवाल गेला, अभ्यासक्रम सुरू झाला. वडगावातली आपल्या ओळखीची आणखी कितीतरी माणसं आता तो करतात. काका तीन आठवडे कारखान्यात शिकाऊ म्हणून जातायत. त्यांच्याबरोबर एक शिकवणारा असायचा, तो हाताला धरून सांगायचा. मी समजत होतो की सगळं निभावलं. गेल्या मंगळवारी ते घरी आले. चहा घेताना त्यांनी शर्टाची बाही पुढे केली. कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेली, आणि खाली हातावर भाजल्यासारखा लाल पट्टा.

"काय झालं हे?" मी हातानं विचारलं.

"काय न्हाय रं. आत वाकून धागं बघालतो. पलीकडनं पोरानं मशीन फिरवलं. हाक मारली म्हनतंय. मारलीबी असंल."

"तुमाला दिसलं न्हाय?"

"कसं दिसंल? मशीन हाय घराएवढं, त्यो त्या टोकाला. आनी तोंडाला फडकी बांधत्यात समदी, कापूस उडतोय म्हनून. व्हट दिसत न्हाईत कुनाचं." आणि मग ते हसले. "फडकं टाकाय गेलो तर सायब वरडला. म्हनला, चौथ्या धड्यात काय शिकलास? पास हाईस न्हवं?"

आई पदरानं त्यांचा हात पुसत होती. तिनं वर बघितलंच नाही, पण ती ऐकत होती. मी काकांना म्हणालो, मी मॅडमना खरं काय ते कळवतो, धडा बदलतील, तोवर तुम्ही जाऊ नका. काकांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले, इतक्या हळू की मलाच वाकावं लागलं. "तसं काय करू नगंस. कान गेलाय म्हनून कळलं तर गेटावरनंच परत लावतील. आता कोन घेनार मला? अजून दोन-तीन वर्सं तेवढी काढू दे." मी काही बोलायच्या आत ते उठले. दारात वळून हातानं म्हणाले, कपाळाला दोन बोटं आणि मग बोट ओठांवर. शेठला सांगू नकोस. मागावर आम्ही हे हसत म्हणायचो.

शिकवणाऱ्याचे दिवस काल संपले. उद्या, सोमवारी, पहिल्या पाळीला काका त्या मशीनवर पहिल्यांदा त्याच्याशिवाय उभे राहतील. सकाळी पावणेसहाची बस आहे. आज सकाळी येताना मला ते रस्त्यात दिसले, नवीन शर्ट घेऊन चालले होते, लांबूनच उंच करून दाखवला. मी मागून हाक मारावी तसं काहीतरी करणार होतो, आणि मग लक्षात आलं की उपयोग नाही, आणि तसाच उभा राहिलो.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे विचारायला मी हे लिहितोय असं सुरुवातीला मला वाटत होतं. पण ते मला माहीत आहे. तुम्ही माझा हात धरून पुन्हा फणीत घातला असतात. ह्या वेळी हात काकांचा आहे, इतकाच फरक, आणि तो मीच आत घालून ठेवलाय. मॅडमना पाठवायचं पत्र माझ्यासमोर कॉम्प्युटरवर उघडं आहे. एका पानाचं आहे. मी बोटं दाखवली, माझा अहवाल खोटा आहे, चौथा धडा थांबवा, आणि काकांना ऐकू न येता जमेल असं काहीतरी काम द्यायला सांगता आलं तर सांगा, एवढंच त्यात आहे. ते बुधवारी लिहून झालं. गुरुवारी तपासलं, शुक्रवारी तपासलं. काल ते स्क्रीनवर उघडं बघून दुकानाच्या मालकांनी विचारलं, "पाठवलास काय न्हाय अजून?" मी म्हणालो, चुका काढतोय. आजही, शटर ओढून, सकाळपासून मी तेच करतोय, एकेक शब्द शब्दकोशात बघून. हे तुम्हाला लिहिलेलं पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून इथं सांगतो. मॅडमना लिहिलेल्या त्या पानात एकही चूक उरलेली नाही, हे मला गुरुवारपासून माहीत आहे.