सर, तेव्हा ऐकू आलं होतं का?

प्रिय सर,

परवा काकूंनी तुमचं कानाचं मशीन माझ्या हातात ठेवलं. "कुणा गरजवंताला दे," म्हणाल्या. म्हणून लिहायला बसलो. एरवी गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्यातला मी नव्हे.

तीस वर्षं माझा तुमच्यावर संशय आहे. शेणव्याला तुमच्या पडवीत सकाळी इंग्रजीच्या शिकवणीला बसायचो, तेव्हापासून. पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलंत, "मला कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोला. आणि मराठी तर या कानात शिरतच नाय."

आम्ही पोरं इंग्रजी म्हटलं की ओठातल्या ओठात बोलणारी. पुटपुटलं की तुम्ही कानामागे हात धरायचात. दुसऱ्यांदाही हात तसाच. तिसऱ्या खेपेला पोरगं ओरडायचं, आणि तोवर आपली चूक त्यानं स्वतःच सुधारलेली असायची. तुम्ही कुणाची चूक काढल्याचं आठवत नाही. ऐकलीच नाही तर काढणार कशी?

पण माझे कान तिखट, सर. पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा धंदा मी याच कानांवर उभा केला. बेअरिंग गेलंय हे पंपाजवळ पोचायच्या आधी सांगतो. तुम्हाला शाळेत नेणारी शहापूरची एसटी लांबच्या वळणावर आली की तिचा आवाज पडवीत मला एकट्याला यायचा. आणि नेमकं त्याच घटकेला तुम्ही खुंटीवरची पिशवी काढायचात. हे कसं?

एकदा मुद्दाम तुमच्या पाठीमागे हळूच म्हणालो, "सर नाटक करतात."

खडू थांबला. "काय म्हणालास बाळाराम? इंग्लिशमधे सांग."

"सर, यू... अ‍ॅक्टिंग."

"नाय आलं ऐकू."

तिसऱ्यांदा मी बोंबललो, "सर, यू आर अ‍ॅक्टिंग!" गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तुम्ही म्हणालात, "आता आलं. बस खाली." माझं आयुष्यातलं इंग्रजीतलं ते पहिलं धड वाक्य. त्याच तोंडानं आज मुरबाडच्या कारखान्यांत इंजिनिअरांशी हुज्जत घालतो.

गेल्या दिवाळीत तुम्हाला भेटायला आलो. म्हणालो, "सर, या पडवीत बसलो नसतो तर अजून कुणाच्या तरी हाताखाली वायरी गुंडाळत असतो." असलं बोलायची सवय नाही, म्हणून आवाज खाली गेला. तुम्हाला ऐकू जाणार याची खात्रीच होती. तुम्ही कानामागे हात धरलात, "मोठ्यानं बोल रे."

मी हसलो. "पुरे आता, सर. तीस वर्षं झाली." चपला घातल्या नि निघालो.

आणि परवा काकू म्हणतात, "शेवटची दोन वर्षं त्यांना खरंच ऐकू यायचं नाय रे. तुम्हा शिकवणीच्या पोरांतलं कोणी आलं की मशीन काढून ठेवायचे."

"आणि आधी?"

काकू हसल्या. "आधी? मांजर ओट्यावर चढली तरी कळायचं."

माझा काकूंवरही विश्वास बसेना. दुकानात आणून मशीन उघडलं. बटण झिजून गुळगुळीत झालेलं, सेल पार संपलेले. वापरातलंच होतं.

सांगायचं नाही का, सर? आम्हाला जन्मभर लाज सोडायला शिकवलंत, आणि स्वतः मात्र माझ्यापुढे मशीन लावायला लाजलात?

आता पहिल्यांदाच मनापासून वाटतं, दिवाळीतही तुम्ही नाटकच केलेलं असावं. पण माझ्यासारखा संशयी माणूस तेवढ्यावर राहायचा नाही. येत्या रविवारी शेणव्याला येतो. पडवीत उभा राहून दिवाळीत पुटपुटलो तेच वाक्य इंग्रजीत म्हणतो. मोठ्यानं, तीनदा. म्हैस उठली तर उठू दे.

मशीन अजून कुणाला दिलेलं नाही. नवे सेल घातलेत. येताना घेऊन येतो.

तुमचा,
मागच्या रांगेतला बाळाराम