मला सगळं चालतं

३ मार्च, सोमवार

हिशेबवाल्याने नवं खूळ काढलंय — दुपारी दोनच्या आत अन्नाला शिवायचं नाही! आमची जेवणाची सुट्टी एकला. म्हणजे आम्ही जेवायचं आणि याने समोर बसून पाणी प्यायचं. पोटात कावळे ओरडतायत आणि डोळे भिंतीवरच्या काट्यांवर. मी त्याचं नाव घड्याळ ठेवलं.

बकासुराचं नाव मागेच ठेवून झालंय. तो प्लास्टरचे साचे ओततो, सकाळ-संध्याकाळ लोखंड उचलतो आणि डब्यात ढीगभर उकडलेली अंडी आणतो. त्यातही फक्त पांढरं खातो, पिवळं काढून टाकतो. तिसरी शेळी. दातांना रंग देते. पोरीचा हात सोन्याचा आहे, खोटं कशाला बोलू? पण शिजवलेलं खात नाही. काकडी, गाजर, पाला, मोड आलेलं काहीबाही.

आणि आमचा धंदा काय, तर कवळ्या बनवायचा! मी मेणात दात बसवते, जगातल्या म्हाताऱ्यांना खाता यावं म्हणून. आणि स्वतःचे बत्तीस शाबूत असलेल्या या तिघांना खायचं कसं ते माहीत नाही.

मला बाई सगळं चालतं. भात चालतो, भाजी चालते, अंडं चालतं, कधीतरी गोडही चालतं. संध्याकाळी चालत घरी येते, झाला व्यायाम. अति तेथे माती, एवढं साधं यांना कळत नाही.

५ मार्च, बुधवार

शेळीचा डबा उघडल्यावर मी म्हटलं, "हे इथेच खायचं, की गोठ्यात न्यायचं?" बकासुर हसला. तीही हसली. मग मीच तिला समजावलं, की हे बघ, मी कुणाच्या खाण्याला नावं ठेवत नाही, ज्याचा त्याचा मार्ग, फक्त तो शहाणपणाचा असावा. "हो ताई," म्हणाली.

पूर्वी आम्ही चारही डबे टेबलाच्या मध्ये ठेवायचो. ज्याला जे हवं ते तो घ्यायचा. आता कोण कुणाचं खाणार?

७ मार्च, शुक्रवार

बकासुराची पाठ धरली. मी सांगितलं होतं!

१० मार्च, सोमवार

बकासुर कामावर आला. पाठ म्हणे व्यायामाने नाही धरली, प्लास्टरचं पोतं वाकडंतिकडं उचललं म्हणून धरली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम सोडू नकोस, जपून कर. असले डॉक्टर! मी म्हटलं, "अरे, पोतं उचलता येत नाही तर ते लोखंड कशाला उचलतोस? त्याला गंजू दे की सुखाने."

तर घड्याळाने तोंड उघडलं. "ताई, त्याला बरं वाटतं त्याने." हा आला मोठा वकील! मी म्हटलं, उपाशी माणसाने जास्त बोलू नये, चक्कर येते. तो पाण्याचा पेला घेऊन उठला. शेळीनेही अर्धा डबा तसाच ठेवला. पाल्याला चव असती तर संपला असता.

१२ मार्च, बुधवार

घड्याळ म्हणतो, काम साचलंय, सुट्टीत जागेवरच बसतो. बस म्हटलं.

१४ मार्च, शुक्रवार

आता शेळीलाही काम आहे. बकासुरालाही साच्यांची घाई आहे. कसली घाई? साहेब स्वतः आठवडाभर माश्या मारतायत. टेबलावर मी एकटी. एकची सुट्टी झाली, डबा उघडला, निवांत जेवले. कुणाचा चारा नाही, कुणाची अंडी नाही. छान वाटलं.

— खोटं आहे. घास नुसता तोंडात फिरत होता. आई गेल्यापासून घरी मी आणि भिंती. दिवसातून एकदा चार माणसांत बसून जेवायचं, तेवढंच होतं. तेही यांच्या खुळांपायी गेलं.

१६ मार्च, रविवार

धाकटीचा फोन. तिला सगळं सांगितलं. वाटलं, बहीण आहे, बाजू घेईल. तर म्हणाली, "ताई, तुझ्या जिभेला काही हाड? तू कुणाला बरं म्हटलेलं मला तरी आठवत नाही."

हिला काय कळतंय! स्वतः या वयात नाचाच्या क्लासला जाते. म्हैस नाचल्यासारखं दिसत असेल. हे मात्र मी बोलले नाही. मागच्या फोनवर बोलले होते बहुतेक.

१९ मार्च, बुधवार

अजून तेच चाललंय. त्यांच्या खुर्च्यांवर आता कुरिअरची खोकी ठेवलीत. मी हलवायला सांगितली नाहीत. सांगायची कुणासाठी?

येताना अंडी घेतली. माझ्यासाठीच. काकड्या आणि गाजरंही घेतली, ताजी दिसली म्हणून. आत्ता उकडून, सोलून, पिवळं काढून ठेवलं. काढताना पांढरंही फाटतं, काय ती कटकट! बिनडोक प्रकार आहे.

एक दिवस दोनपर्यंत थांबले तर मी काही मरत नाही. घड्याळही जेवेल. उद्या तिघांना टेबलावर हाक मारणार आहे. कुणी काहीही खाऊ दे, कसंही खाऊ दे, मी एक अक्षर बोलणार नाही. जमेल का, देव जाणे.

२० मार्च, गुरुवार

दोनला डबा घेऊन उठले. तिघंही जागेवर नव्हते. मागे प्लास्टरच्या खोलीत हसणं ऐकू आलं, म्हणून दार ढकललं. पोत्यांवर बसून जेवत होते. एकत्र. म्हणजे बाकीचे दोघं रोज घड्याळासाठी दोनपर्यंत थांबत होते. बकासुर शेळीचं गाजर खात होता, घड्याळ बकासुराच्या अंड्याला मीठ लावत होता.

मला पाहून हसू थांबलं. शेळीच्या तोंडात घास होता. तो तसाच गालात धरून म्हणाली, "काही नाही ताई, आम्ही नुसतेच बसलोय."

मी दार ओढून घेतलं, तिला घास गिळता यावा म्हणून.