पंचवीस काडतुसांचा ट्रे

नाना, तुमची नात काडतुसं भरायला शिकते आहे. आपल्याच घरात, निजामपुऱ्याला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. नेमबाजीत हवेत उडवलेल्या थाळ्या फोडण्यात तिचा हात चांगला आहे, तुमच्यावर गेली आहे. विकतची काडतुसं सरावाला पुरत नाहीत म्हणून कचेरीत खेटे घालून तिने रीतसर परवानगी काढली आणि परवा मला दुकानात घेऊन गेली. नवशिक्याने काय घ्यावं, काय घेऊ नये, हे बाबाला नक्की कळणार असा तिचा समज. मला यातलं किती कळतं हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, याच विचारात मी दोन दिवस घालवले आणि आज लिहायला बसलो.

दुकानदाराने तिच्यापुढे एक मोठं यंत्र ठेवलं. दांडा एकदा ओढला की चार कामं एका दमात. “बेन, आ लई लो, टाइम बचशे,” तो म्हणाला आणि तिला ते पटलंही. मी नाही म्हटलं. एका वेळी एकच काम करणारा साधा हातप्रेस, चांगल्यातला वजनकाटा आणि पंचवीस खाचांचा लाकडी ट्रे, बाकी काही नको. तिथेच आमची जुंपली. मी जुनाट आहे, असं तिने दुकानदारासमोर ऐकवलं; पण घेतलं मी सांगितलं तेच. हट्ट तुमचा होता, नाना. मी तो माझा म्हणून खपवला.

त्या काळी रविवारी दुपारी आईची आवराआवर झाली की टेबल तुमचं. कणकेचा डबा ओट्यावर जायचा, देवापुढची उदबत्तीसुद्धा विझवली जायची. तुम्ही बसता, चष्मा पुसता, आणि पंचविसावं काडतूस होईपर्यंत घरात कुणी तुमच्याशी बोलत नाही. मला शिकवताना तुम्ही एकच नियम पुन्हा पुन्हा सांगितलात. “मधे उठलास की ट्रे रिकामा. दाराशी कुणी का येईना. परत पहिल्यापासून.” मला तो नियम म्हणजे शुद्ध छळ वाटायचा. बारूद घातली की नाही हे काय आपल्याला आठवत नाही, असं मी मनात म्हणायचो.

त्या रविवारी तुम्ही करजणला लग्नाला गेला होतात आणि ट्रे पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर सोपवला होता. अर्ध्यावर आलो असेन, तोच शेजारच्या काकू फोन आल्याचं सांगायला आल्या. गोरव्याच्या कारखान्यातून होता. नोकरी पक्की झाली होती. मी आईला सांगितलं, साखर खाल्ली आणि परत टेबलावर बसलो. ट्रे रिकामा केला नाही. कुठवर आलो होतो ते आठवतंय असं वाटलं, तिथून पुढे सुरू केलं. नंतर बारुदीवरची बुचं बसवताना एक बूच जरा वर राहिलं. मी अंगठ्याने जोर लावून दाबलं. नाना, ते दाबलं तेव्हा मनात काहीतरी चुकचुकलं होतं. तरी मी पुढचं काडतूस घेतलं.

पुढच्या रविवारी तुमच्या हातात बंदूक फुटली. डाव्या हाताची दोन बोटं गेली. इस्पितळात हाताला भलंमोठं बँडेज, आणि तुम्ही मला फक्त एवढंच विचारता, “ट्रे रिकामा केला होतास ना?” मी म्हणतो, “हो, नाना.” “बरं,” तुम्ही म्हणता आणि तोंड भिंतीकडे फिरवता. चौकशीला आलेल्या माणसाने दुप्पट बारूद पडल्याचं सांगितलं, तेव्हा “काडतुसं मीच भरली होती. वय झालं, लक्ष राहत नाही,” असं तुम्ही त्याला सांगितलंत. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. दुसऱ्या दिवशी मला कामावर रुजू व्हायचं होतं.

तुमचा परवाना गेला. शर्टाची बटणं आई लावायला लागली. ते सोसलं असतं. पण जी मंडळी काटा कुठला घ्यावा हे विचारायला आपल्या घरी यायची, ती नव्या पोरांना तुमचं उदाहरण देऊ लागली. बघा, एवढा जाणता माणूस, तरी गाफील राहिला. हे तुमच्या कानावर यायचं आणि तुम्ही गप्प बसायचात. माझं ‘हो’ तुम्ही खरं मानलं होतंत, की खोटं ओळखूनही मला पाठीशी घातलंत? तुम्ही होतात तोवर विचारायची हिंमत झाली नाही. मला लाज वाटते, नाना, अजून वाटते.

आज सकाळी नवा ट्रे टेबलावर मांडून ती बसली. मी तिला तुमचा नियम सांगितला. तिने ऐकून घेतला आणि विचारलं, “बाबा, आजोबांना एवढं सगळं माहीत होतं, मग त्यांच्याकडून असं कसं झालं?”

“वय झालं होतं त्यांचं,” मी म्हणालो. तेव्हा तुम्ही आजच्या माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होतात.

तिने नोंदींसाठी नवीन वही आणली आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आजोबांनी केली ती चूक करायची नाही,’ आणि वही माझ्यापुढे सरकवली. “बराबर ने?”

मी वाचलं. बराबर, म्हणालो.