पाणी येणार आहे

पेज, ३ जून १९८३

ती. हिलारियाताईस,
नाचोचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. नदी मोजणाऱ्या मंडळींची होडी वल्हवतो आणि त्यांच्या हातची अळणी अंडी खातो. इथून खोल दऱ्यांमधून, मग खालच्या जलाशयातून आणि शेवटी कालव्यांनी युमाला उतरायचं आहे. नदी पूर्वी घरी यायची त्याच वाटेनं मीही येतो आहे.

डोंगरावरचं बर्फ यंदा एकदम वितळलं. काल इथल्या धरणावर उभा होतो, तर तळव्यांना थरथर जाणवत होती. पाणी येणार आहे, ताई. खालचे जलाशयही भरलेले आहेत, त्यामुळे ते अडवायला वाटेत जागाच नाही. धरणं झाल्यापासून नदी पोचत नाही म्हणून बाबांनी घर बांधलंय ऐन कोरड्या पात्रात. त्यांना घेऊन टेकडीवरच्या शाळेत राहायला जा. चेष्टा करत नाही, मला खरंच भीती वाटते आहे.

लोभ राहू दे, आणि या वेळी माझं ऐक.
तुझा, नाचो

एल मायोर, १५ जून

चि. नाचोस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र खालच्या जलाशयाजवळ, बोल्डर सिटीच्या टपालात तुझी वाट बघत असेल असं धरून लिहिते आहे. तुझ्या पत्रानं घोटाळा केला रे. 'पाणी येणार आहे' इथवर मी वाचलं आणि बाबा उठलेच. पुढचं ऐकायला थांबले नाहीत. घरोघरी जाऊन सांगून आले की पोरानं कळवलंय, नदी येते आहे. दरवर्षी कुणी कोटवाला येतो, पाणी सोडणार म्हणतो, टाळ्या घेऊन जातो. पण या वेळी म्हणे आपल्याच पोरानं डोळ्यांनी पाहिलंय. चोनामावशीनं मक्याचे वाफवलेले तामाले पाठवले. वीस वर्षं पालथी पडलेली होडी बाबांनी बाहेर काढली आहे आणि दिवसभर डांबर फासत बसतात. कलिंगडाच्या बिया आणखी खाली, पात्राच्या मध्यावर लावल्या, पाणी जवळ पडावं म्हणून.

गावात सगळे हसतात, मीही हसते. पण झोप लागत नाही. तू खरा ठरलास तर काय करू ते नीट कळव. जिवाला जप, पोहता येतं म्हणून शहाणपणा करू नकोस.

तुझी ताई

बोल्डर सिटी, ४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक माझी. आपल्या माणसांना पाणी येणार म्हणून सांगितलं तर ती घाबरणार कशी, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आता हे पत्र बाबांचा हात धरून शेवटपर्यंत वाच.

दरीत आमची होडी उलटली. ओळखीचे खडक पाण्याखाली गेलेत आणि त्यांच्या जागी घराएवढे भोवरे आहेत. मी किती वेळ पाण्यात होतो ते आठवत नाही. मुळासकट उपटलेलं झाड माझ्या बाजूनं गेलं. त्याच्यावर एक शेळी उभी होती, ओरडतही नव्हती. बाबांना सांग, त्यांच्या लहानपणीची नदी ही नव्हे. इथल्या जलाशयाच्या सांडव्यावरूनही पाणी पडायला लागलं आहे. घर सोडा. होडी सोडा.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
नाचो

एल मायोर, ११ जुलै

चि. नाचोस आशीर्वाद.

हात धरून वाचलं. बाबा म्हणाले, पोरगं परक्यांच्या होडीत बसून भित्रं झालंय. म्हणाले, पाहुणा इतक्या वर्षांनी घरी यायचा आणि आपण दार लावून पळायचं? मी रडले, तर माझं अंथरूण स्वतः शाळेत नेऊन ठेवलं आणि परत गेले.

कलिंगडं बुडाली. पाणी चुलीपासून चार पावलांवर आहे आणि त्याचा काही आवाज नाही. मला त्या गप्प पाण्याचीच भीती वाटते. बाबा होडीत झोपतात.

तुझी ताई

युमा, १९ जुलै

ती. ताईस सा. न.

कालवे तुडुंब आहेत, सगळी दारं वर उचलली आहेत आणि तरी पाणी मावत नाही. खालचा रस्ता वाहून गेला, मला येऊ देत नाहीत. बाकी काही लिहू नकोस, फक्त तुम्ही दोघं कुठे झोपता ते लिही.

नाचो

टेकडीवरची शाळा, २६ जुलै

चि. नाचोस अनेक आशीर्वाद.

दोघंही इथेच झोपतो, हे आधी वाच आणि श्वास घे.

घर गेलं. मातीच्या भिंती गुळासारख्या विरघळल्या, मी वरून बघत होते. बाबा शेळ्या सोडवायला म्हणून होडी घेऊन गेले ते परतले नाहीत. दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस गेला. बायका माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि रडायला लागल्या, तेव्हा मी त्यांना शिव्या दिल्या. तिसऱ्या सकाळी कोळ्यांना ते सापडले. एका मेस्कीटच्या झाडाचा फक्त शेंडा वर होता, त्याला होडी बांधलेली. होडीत बाबा, एक शेळी आणि हातांनी पकडलेले दोन लिसा मासे. दोराने तळहात सोलून निघालेत, अंगात ताप आहे, अजून उठवत नाही.

मला वाटलं, आता तरी नदीला बोल लावतील. काल तुला काय कळवू म्हणून विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: तिकडे धरणावर कुणी ओळखीचं असेल तर सांग, जरा हळू सोडा म्हणावं. पण पुन्हा बंद करू नका.

हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता, नाचो. बाबांना भ्यालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रस्ता झाला की ये. लोभ आहे, माणसं आहेत, घर तेवढं नाही.
तुझी, हिलारियाताई