बारीक कुट्टी

भांडगाव, ता. दौंड
१२ फेब्रुवारी २०२५

आनंदराव आप्पा,

तीर्थरूप लिहायला हात धजत नाही, तरी वयाचा मान म्हणून नमस्कार. इकडे खुशाल. घरच्या रतनबाईचा गुडघा दुखतो, ज्वारी काढणीला आली.

तुमची नवी घोडी बरी झाल्याचं कळलं. डॉक्टरांच्या इंजेक्शनाचा गुण, असं तुम्ही तळेगावच्या बाजारात सांगता म्हणे.

तीन वर्षांपूर्वी शर्यतीत तुमच्या बैलांपुढं पळणारी घोडी, चंद्री, मी सांभाळायचो. कडबा कोयत्यानं लांब तोडून घालायचो, ती तासन्‌तास चावत उभी असायची. मग तुम्ही कडबा बारीक कातरणारं कुट्टी मशीन आणलं आणि बैलांची बारीक कुट्टी तिलाही सुरू केली. मी म्हणालो, "आप्पा, बैल रवंथ करतो, घोडी न्हाई करत. न चावता गिळंल आन् पोटात गोळा व्हईल."

"तू काय डॉक्टर हाय व्हय?" तुम्ही म्हणालात.

मी कुट्टीचं घमेलं उचललं. काम जाईल म्हणून रोज माझ्याच हातानं ती कुट्टी घातली. चंद्री पोटशुळानं लोळून लोळून गेली.

आणि यात्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, तुम्ही माइक घेऊन मला घोडीमाऱ्या म्हणालात. या हनुमंतानं बुरशीचा कडबा घातला म्हणे. तेव्हापासून शिरूर-दौंडात कुणी माझ्या हाती घोडी दिली नाही. हे मी विसरलेलो नाही.

मागच्या आठवड्यात सोमवारी तुमच्या सुनेचा, प्रांजलचा फोन आला. "मामा, घोडी वैरणीला तोंड लावंना, सारखी कुशीकडं बघती." कुट्टी केवढी, विचारलं. म्हणाली, भुशासारखी. मला तिथंच सगळं कळलं. तरी "बघतो" म्हणालो आणि पुढं दोन दिवस तिचा फोन उचलला नाही. तुमची घोडी मरावी असंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

पण चंद्री डोळ्यांपुढून हलेना. तिसऱ्या दिवशी मीच फोन लावला. कुट्टी बंद कर, डॉक्टर बोलव, पाणी समोर ठेव, हळूहळू फिरव. डॉक्टर हो म्हणाले की लांब कडबा मूठमूठ घाल. पोरीनं सगळं केलं. तिला विचारूनच हे लिहितोय.

फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून पत्र. याची झेरॉक्स घाटातल्या माइकवाल्या महेंद्रकडं दिली आहे. रविवारी तुमचे बैल सुटायच्या आधी तो वाचणार, माझ्या त्या दोन दिवसांसकट. त्याआधी स्वतःच खरं सांगायला तुम्हाला माइक हवा असेल तर तो देईल, तसं सांगून ठेवलंय.

मी पुढच्याच रांगेत उभा असेन.

तुम्हीच नाव ठेवलेला,
घोडीमाऱ्या हनुमंत